खोली कुणाची, ते आधी विचारा

गावात पोस्टमन पासपोर्टचे पाकीट घेऊन आला, की ती बातमी दिवस मावळायच्या आत दूध संस्थेच्या कट्ट्यावर पोहोचते. किटली घेऊन आलेला प्रत्येक जण पोराच्या बापाला हटकतो, "काय आबा, पोरगं दुबईला निघालं म्हणं?" आबा नुसते हसतात. मग पुढचा प्रश्न येतो, "पगार किती?" आकडा ऐकला, की ऐकणारा मनातल्या मनात हिशेब घालतो. एवढ्या पैशाला आपल्याला किती टन ऊस घालावा लागेल?

वाचकहो, या कट्ट्यावर एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. पोरगं राहणार कुठं? "कंपनी खोली देणार हाय," एवढ्या उत्तरावर सगळ्यांचे समाधान होते. पगाराचा आकडा चार वेळा विचारला जातो, खोलीचा विषय एकदाही निघत नाही. आणि आखातात गेलेल्या माणसाचे बरेवाईट जेवढे पगारावर ठरते, तेवढेच त्या खोलीवर ठरते. तुमच्या घरातून, भावकीतून किंवा गल्लीतून कोणी तेलाच्या देशाला निघाला असेल, तर पेढा जरूर खा. पण एजंटाच्या हातावर पैसे ठेवण्याआधी एवढे वाचून घ्या.

तेलाच्या इंजिनापासून तेलाच्या देशापर्यंत

कोल्हापूरला तेलाची ओळख नवी नाही. उद्यमनगरात ऑईल इंजिने बनली, ती आपल्या विहिरींवर आणि नदीकाठी धडधडली. इंजिनाच्या कास्टिंगसाठी फाउंड्री आल्या, लेथ आले, वेल्डिंगची दुकाने आली. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहती झाल्या. त्यामुळे आपल्याकडच्या पोरांच्या हाताला लोखंडाची सवय आहे. कळंबा रोडवरच्या आय. टी. आय.मधून बाहेर पडलेला फिटर किंवा वेल्डर उपाशी राहत नाही, असे म्हातारी माणसे म्हणतात ते खोटे नाही.

आखाताची वाट मात्र १९७३ नंतर खुली झाली. त्या वर्षी ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब देशांनी तेल रोखून धरले, आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत बाराच्या जवळ गेला. सौदी अरेबिया, कुवेत, कतार, अमिराती या देशांत पैशाचा पूर आला. रस्ते, बंदरे, रिफायनऱ्या, नवी शहरे सगळे एकदम उभे करायचे होते, आणि त्यांच्याकडे माणसे थोडी. केरळची माणसे गेली, आपल्या घाटाखालच्या रत्नागिरीची गेली. घाटावरचा आपला भाग मागून सामील झाला. आज आखातातल्या सहा देशांत मिळून ८० लाखांहून जास्त भारतीय आहेत.

एक गोष्ट ध्यानात घ्या. तेलाच्या देशात गेलेला माणूस तेलाला क्वचितच हात लावतो. विहिरीवर आणि रिगवर माणसे थोडी लागतात, आणि तीही खास शिकलेली. आपला माणूस जातो तो तेलाच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या कामावर. कोणी पाईप जोडतो, कोणी मचाण बांधतो, कोणी डंपर चालवतो, कोणी हॉटेलात भांडी घासतो. म्हणून "ऑईल कंपनीत काम आहे" असे कोणी सांगितले, तर पहिल्यांदा विचारा, कंपनीत की कंपनीच्या ठेकेदाराकडे? की त्या ठेकेदाराला माणसे पुरवणाऱ्याकडे? करारावर ज्याचे नाव असेल तोच तुमचा मालक. रिफायनरीच्या गेटवरचे नाव नव्हे.

गावकीची खोली

घर सोडून कामाला जाणे आपल्याला नवे नाही. आजरा, चंदगड, गडहिंग्लज या तालुक्यांतल्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस मुंबईच्या गिरणीत होता. लालबाग-परळला उतरल्यावर तो कुठे राहायचा? गावकीच्या खोलीत. वर्गणी काढून गावाने खोली धरलेली असायची. पहिल्या पाळीचा कामावर गेला, की तिसऱ्या पाळीचा त्याच वळकटीच्या जागेवर पाठ टेकायचा. पेट्या माळ्यावर, जेवण खानावळीत. जागा अपुरी, संडासाला रांग, उन्हाळ्यात निम्मी माणसे फुटपाथवर झोपायची. सुखाचे नव्हते ते.

पण त्या खोलीत एक मोठी गोष्ट होती. खोली गावाची होती, गिरणीची नव्हती. नोकरी गेली तरी अंथरूण जात नव्हते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. महिन्यांमागून महिने गेले, पगार बंद. तेव्हा ज्यांनी मुंबईत कळ काढली, त्यांच्या डोक्यावर छप्पर होते ते बहुधा अशाच खोल्यांचे. काही गावी परतले, तेही आपल्या मर्जीने एस. टी.त बसून.

गावच्या पोराला आधी राहायची सोय लागते, हे कोल्हापूरला कोणी नव्याने शिकवायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून इथे जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली. शाळा तर होत्या. पण गावाकडून आलेला पोरगा रात्री झोपणार कुठे आणि जेवणार काय, हे सुटल्याशिवाय शाळा त्याच्या उपयोगाची नाही, हे महाराजांनी ओळखले होते. शाळेच्या जागी नोकरी धरा. आजही तोच प्रश्न आहे.

एका खिळ्याला तीन पिशव्या

आता आखातातली खोली बघू. तिला तिकडे 'कॅम्प' म्हणतात. शहराबाहेर एका आवारात ओळीने इमारती. एका खोलीत दुमजली लोखंडी कॉटा, कुठे चार माणसे, कुठे आठ, कुठे त्याहून जास्त. पहाटे चार-साडेचारला बस, तासभर प्रवास, मग काम. चांगले कॅम्प आहेत, नाही असे नाही. ए. सी. चालू, मेस स्वच्छ, कपडे धुवायला मशीन. आणि वाईटही आहेत, जिथे पाण्याचा टँकर आला तरच अंघोळ.

पण चांगली असो की वाईट, खोली कंपनीची असते. नोकरी कंपनीची, खोली कंपनीची आणि त्या देशात राहायचा परवानाही कंपनीच्या नावावर. त्या परवान्याला सौदीत इकामा म्हणतात, आणि ज्याच्या नावावर तो निघतो त्या मालकाला कफील. एका खिळ्याला तीन पिशव्या अडकवल्या आहेत असे समजा. खिळा निघाला, की तिन्ही एकदम खाली येतात. गिरणी कामगाराची एकच पिशवी पडत होती.

या पद्धतीला कफाला म्हणतात. ती थोडी सैल झाली आहे. कतारने २०२० मध्ये कायदा बदलून मालकाच्या ना-हरकतीशिवाय नोकरी बदलायला वाट दिली. सौदीने २०२१ मध्ये खासगी कंपन्यांतल्या बऱ्याच कामगारांना तशी सवलत दिली, मात्र त्या वेळी घरकाम करणारे, शेतमजूर आणि घरचे ड्रायव्हर तिच्यातून वगळले. कायदा सैल झाला तरी नव्या नोकरीपर्यंत माणसाने झोपायचे कुठे, हा प्रश्न उरतोच.

खिळा निघतो तेव्हा काय होते, याचे दाखले आहेत. २०१४ च्या मध्यापर्यंत पिंपाला १०० डॉलरच्या वर असलेले तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्याही खाली आले. सौदी सरकारची बिले थकली, मोठे ठेकेदार अडकले आणि हजारो भारतीय कामगार महिनोन् महिने बिनपगारी कॅम्पात बसून राहिले. मेस बंद पडल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये दिल्लीहून मंत्र्याला तिकडे धाडावे लागले, आणि आपल्या वकिलातीने कॅम्पात शिधा पोहोचवला. तेलाच्या भावाशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणू नये. उसाच्या दराशी कारखान्याच्या कामगाराचा असतो तेवढाच तो आहे.

त्याआधीचे १९९० आठवा. २ ऑगस्टला इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवले. सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना बहुतांशी जॉर्डनमधल्या अम्मान शहरामार्गे एअर इंडियाच्या विमानांनी परत आणले गेले. अनेक जण अंगावरच्या कपड्यांनिशी आले. खोली, सामान, बँकेतली शिल्लक तिथेच.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. १२ जून २०२४ च्या पहाटे कुवेतच्या मंगाफ भागात कामगार राहत असलेल्या इमारतीला आग लागली. तळमजल्यावर विजेचे शॉर्टसर्किट झाले आणि धूर वरच्या मजल्यांवर चढला. खोल्यांमध्ये घातलेल्या पातळ पार्टिशनांनी पेट घेतला. माणसे झोपेत होती. पन्नासच्या आसपास गेली, त्यांत ४५ भारतीय. ती कामावर मेली नाहीत, राहत्या खोलीत मेली. म्हणून म्हणतो, खोलीचा विषय पगाराइतकाच मोठा आहे.

खोलीलाही भाव असतो

"कंपनी खोली देणार" याचा अर्थ कागदावर काय आहे ते वाचा. कतारने २० मार्च २०२१ पासून किमान वेतन लागू केले. मूळ पगार महिना १,००० रियाल. कंपनी खोली देत नसेल तर वर ५०० रियाल, जेवण देत नसेल तर आणखी ३०० रियाल. म्हणजे कायद्यानेच सांगितले, की खोली आणि जेवण मिळून मूळ पगाराच्या शंभरातले ऐंशी होतात. आता समजा, एजंटाने सांगितले "पगार १,८०० रियाल". तो खोली-जेवण धरून १,८०० आहे, की खोली-जेवण सोडून? तोंडाने सांगताना दोन्ही सारखेच ऐकू येते, हातात पडताना जवळजवळ दुपटीचा फरक पडतो.

मूळ पगार वेगळा लिहून घेण्याचे दुसरेही कारण आहे. अमिरातीत नोकरी संपल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात. मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवले, की एकूण आकडा गोड दिसतो आणि शेवटी हातात कमी येते.

उन्हाचेही विचारून ठेवा. सौदी आणि अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात भर दुपारी उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. कुवेत आणि कतारमध्ये ती १ जूनपासूनच लागू होते. ही सुट्टी मालकाची मेहेरबानी नसून तुमचा हक्क आहे.

व्याज कोण भरणार?

आता पैशाची गोष्ट. सरकारी नियमानुसार नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जी. एस. टी., म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात. तेही पावती देऊन. पण गावात येणारा माणूस बहुधा एजंटच नसतो. तो 'एजंटाचा माणूस' असतो, किंवा त्याचाही माणूस. प्रत्येक जण आपला वाटा धरतो आणि आकडा लाख-दीड लाखाच्या घरात जातो.

समजा, दीड लाख मागितले. ऊसबिल सोसायटीच्या कर्जात वळते झालेले. मग आईचा साज किंवा बोरमाळ गुजरीत जाते, आणि उरलेले पैसे सावकाराकडून शेकडा तीनने निघतात. दीड लाख सगळेच सावकाराचे धरले तर महिन्याला साडेचार हजार रुपये नुसते व्याज. पहिले दोन महिने पगार हातात येत नाही असे धरा. सहा महिन्यांत २७ हजार व्याजात गेले, मुद्दल जागच्या जागी. पोरगा खोलीत आठ जणांत झोपतो, कंपनी वाईट आहे हे त्याला चौथ्या दिवशीच कळते. पण परत यावे तर कर्ज दारात उभे. तिकडचा मालक त्याला बांधून ठेवतो असे आपण म्हणतो. पण निम्मी दोरी इथेच, आपल्या गावात वळलेली असते.

"पर तात्या, पैसे दिल्याबिगर व्हिसा मिळत न्हाई," असे पोरगा म्हणेल. त्याला शांतपणे सांगा. बाबा, चांगल्या कंपनीला कसबी माणूस हवा असतो, ती विमानाचे तिकीट बहुधा स्वतः काढते. जिथे माणसाला गिऱ्हाईक समजून पैसे काढले जातात, तिथे नोकरी हा माल असतो, आणि माल खोटा निघू शकतो.

कागद बघायचा कसा?

परदेशी नोकरीसाठी १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर 'ई. सी. आर.' असा शेरा असतो. त्याला आखातासह ठराविक १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी लागते. त्यासाठी उत्प्रवासी संरक्षकांचे कार्यालय असते, मुंबईतही आहे. ते करार तपासते. आता हे काम सरकारच्या ई-मायग्रेट या संगणकीय व्यवस्थेतून चालते. नोंदणीकृत एजंटांची यादीही त्यातच बघायला मिळते. गावातल्या कोणत्याही शिकलेल्या पोराला मोबाईलवर ती दहा मिनिटांत काढता येईल.

इथे एक उलटी गोष्ट आहे. दहावी झालेल्याला ही परवानगी लागत नाही. लोकांना वाटते, बरे झाले, एक कटकट गेली. पण त्याचा करार कोणी तपासतही नाही. म्हणून दहावी, बारावी, आय. टी. आय. झालेल्यांनी जास्त सावध राहायला हवे. करार त्यांचा त्यांनाच वाचायचा आहे.

दोन शब्द ऐकले, की उठून चालायला लागा. पहिला 'व्हिजिट व्हिसा'. "आता पाहुणा म्हणून जा, तिकडं गेल्यावर नोकरीचा करून देतो." पाहुण्याच्या व्हिसावर काम करणे गुन्हा आहे आणि तिथे पकडला गेलेला माणूस तक्रारही करू शकत नाही. दुसरा 'फ्री व्हिसा' किंवा 'आझाद व्हिसा'. कायद्यात असा व्हिसाच नाही. कागदावर एक मालक, काम दुसरीकडे, आणि राहायची खोली स्वतःची स्वतः शोधायची.

विम्याचे विसरू नका. प्रवासी भारतीय बिमा योजनेत दोन वर्षांना २७५ रुपये किंवा तीन वर्षांना ३७५ रुपये आणि वर कर एवढ्या हप्त्यात १० लाखांचे अपघाती विमा संरक्षण मिळते. ई. सी. आर. पासपोर्टवाल्याला तो सक्तीचाच आहे. सिनेमाला सगळे कुटुंब गेले तर याहून जास्त खर्च होतो.

हात तयार करून जा

आपल्याकडचा वेल्डर चांगला, पण फाउंड्री-फॅब्रिकेशनचे काम वेगळे आणि रिफायनरीचे पाईप वेगळे. तिथे '६-जी' नावाची परीक्षा असते. पाईप तिरका बांधून ठेवतात, तो फिरवायचा नाही, वेल्डरने स्वतः भोवती फिरून सांधा पूर्ण करायचा. हे जमणारा वेल्डर आणि साधा वेल्डर यांच्या पगारात मोठे अंतर असते. साधा हेल्पर म्हणून जाणाऱ्याला तर तिकडे जे मिळते, त्यातून कर्जाचे व्याज वजा केले, की शिरोलीतल्या पगाराच्या फार वर काही उरत नाही.

आधी देशातच हात बसवता येतो. गुजरातेत जामनगरला प्रचंड रिफायनरी आहे. राजस्थानच्या बाडमेर भागात २००९ पासून तेल निघते. रिफायनरी दुरुस्तीसाठी काही दिवस बंद ठेवतात, त्याला 'शटडाऊन' म्हणतात. त्या वेळी ठेकेदारांना एकदम शेकडो वेल्डर, फिटर, मचाणवाले लागतात. असे दोन-तीन शटडाऊन केलेला माणूस कॅम्पातले जिणे म्हणजे काय ते जाणतो, काम शिकतो, अनुभवाचा दाखला मिळवतो. आणि नाहीच पटले तर आपल्या पैशाने रेल्वेत बसून घरी येतो. पासपोर्ट कोणाकडे अडकलेला नसतो.

निघण्याआधी घरात

आता शेवटचे, घरच्यांसाठी. मुलगा निघायच्या आधी त्याच्यासमोर बसा आणि हे विचारा. कंपनीचे नाव करारावर काय आहे? खोली कोणाची, एका खोलीत किती जण, जेवण कोणाचे? इमारतीला दुसरा जिना आहे का, आणि गच्चीच्या दाराला कुलूप असते का? कामाची जागा किती लांब? नोकरी सुटली तर तिकीट कोण काढणार? याची उत्तरे एजंटाकडून नकोत. त्याच कंपनीत आधी गेलेला आपल्याकडचा एखादा माणूस शोधा. घाटाखाली, मिरज-सांगलीकडे, कुठेतरी सापडतोच. त्याला म्हणावे, बाबा, मोबाईल फिरवून तुझी खोली दाखव.

पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. एक संच त्याच्या पेटीत, एक घरात, बायकोच्या किंवा आईच्या हाताशी. कपाटाची किल्ली आबांच्या करगोट्याला आणि आबा शेतात, असे नको. अडचण आली तर 'मदद' नावाच्या सरकारी व्यवस्थेत घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते. पण कंपनीचे नाव आणि पासपोर्ट नंबरच ठाऊक नसेल तर नोंदवणार काय? आणि मिळवलेला पैसा महिन्याच्या महिन्याला गावी येऊ द्या. तिकडे साठवून ठेवायचा नसतो, हे १९९० ने शिकवले आहे.

जाऊ नका, असे सांगायला हा लेख लिहिलेला नाही. आखाताच्या पैशावर आपल्याकडे विहिरी खोदल्या गेल्या, बहिणींची लग्ने झाली, स्लॅबची घरे उभी राहिली. जायचे त्याने जरूर जावे. फक्त गिरणीत जाणाऱ्या आजोबाला ठाऊक होते, की लालबागला उतरलो तर कोणत्या चाळीतल्या कोणत्या दारावर थाप मारायची. नातू तर समुद्रापलीकडे निघाला आहे. त्यालाही विमानात बसण्याआधी आपले दार ठाऊक असले पाहिजे.

उद्या दूध संस्थेच्या कट्ट्यावर कोणी पेढा पुढे केला, तर घ्या. पगार किती ते दुसरे कोणी विचारीलच. तुम्ही विचारा, "आबा, पोरगं राहणार कुठं? आणि खोली कुणाची?"